चोरी वरच्या मजल्यावर झाली, झोप आमच्या घरातली गेली

खिडकीपाशी

नमस्कार, बरेच दिवस नुसतीच वाचक होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आमच्या बिल्डिंगमध्ये गेल्या वर्षी वरच्या मजल्यावर घरफोडी झाली. घरात कोणी नव्हतं, कोणाला इजा वगैरे नाही, दागिने आणि लॅपटॉप गेला. आमच्याकडचं काहीच गेलं नाही. पण तेव्हापासून आमच्या घरात जे सुरू झालंय ते थांबायचं नाव नाही. नवऱ्याने आधी दाराला जादा लॉक बसवलं, ते ठीकच, मीच मागे लागले होते. मग कॅमेरा. मग कॅमेऱ्याचं ॲप. आता रात्री जिन्यात मांजर आलं तरी मोबाईल वाजतो, हा उठतो, क्लिप बघतो, दारापर्यंत जातो, लॅच ओढून ओढून बघतो आणि परत येऊन पडतो ते नुसतं पडतो, झोपत नाही. शेजारी मी पण जागी. सकाळी दोघांची डोकी जड आणि मग कशावरूनही खटके.

मुलगी कॉलेजला आहे. तिचं लोकेशन दिवसभर याच्या फोनवर चालू. अंधार पडायच्या आत घरी, क्लास सुटला की फोन, निघाली की फोन, पोचायला उशीर झाला की लागोपाठ फोन. शेवटी तिने डान्सचा क्लासच सोडला, म्हणाली मला रोजची ती उलटतपासणी नको. मी स्वतः संध्याकाळी चालायला जायचे तेही बंद झाल्यात जमा, कारण मी बाहेर पडले की हा खिडकीत उभा, मग पाय निघत नाही. विचारलं तर म्हणतो मी घाबरत नाही, मला माझं काही नाही, टेन्शन तुम्हा दोघींचं आहे. त्यात बिल्डिंगच्या ग्रुपवर रोज कुठली ना कुठली क्लिप, कुठल्या गावातली, कधीची, खरी की खोटी, कोणालाच माहीत नसतं पण सगळे 'सावध राहा' लिहून मोकळे.

तर प्रश्न असा की हे नॉर्मल आहे का? प्रत्यक्ष आपल्याला काही न होता नुसत्या भीतीने माणसाची तब्येत बिघडू शकते का, कारण त्याचं बीपी हल्ली वाढलेलं निघालंय. आणि त्याच्याशी बोलू कशी? काही होणार नाही म्हटलं की भडकतो, म्हणतो वरच्यांनाही असंच वाटत होतं. यावर माझ्याकडे खरंच उत्तर नसतं.

रोखठोक

ताई राग मानू नका पण नवरा बरोबर आहे. काळ वाईट आहे. घडून गेल्यावर रडत बसण्यापेक्षा आधी काळजी घेतलेली बरी. आमच्याकडेही मी असंच ठेवलंय, कोणाची तब्येत वगैरे बिघडलेली नाही. आणि बीपी या वयात वाढतंच, त्याचा चोराशी काय संबंध.

आकडेमोड

काळजी घेऊ नका असं कोणीच म्हणत नाहीये हो रोखठोक. पण तब्येतीशी संबंध नाही हे काही खरं नाही, यावर व्यवस्थित काम झालेलं आहे. लंडनमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांवर व्हाइटहॉल टू नावाचा एक अभ्यास कित्येक वर्षं चालू आहे, मायकेल मार्मट हे त्यातलं मोठं नाव. त्या लोकांना गुन्ह्यांच्या भीतीबद्दलही विचारलं होतं आणि २००७ मध्ये त्यावर पेपर आला. ज्यांना भीती जास्त वाटत होती त्यांच्यात डिप्रेशनचं प्रमाण कमी भीती असलेल्यांपेक्षा जवळजवळ दुप्पट, आणि शारीरिक क्षमताही कमी निघाली. आता कोणी म्हणेल मुळात उदास असलेला माणूसच जास्त घाबरत असेल, तर तेही होतंच, हे दोन्हीकडून चालतं. मला त्यातला महत्त्वाचा वाटलेला भाग वेगळा आहे. भीती आणि तब्येत यांच्या मध्ये काय आहे हे त्यांनी बघितलं तेव्हा असं दिसलं की घाबरलेली माणसं व्यायाम कमी करतात, मित्रमंडळींना कमी भेटतात, घराबाहेरच्या गोष्टींत कमी भाग घेतात, आणि नुकसानीचा एक भाग इथून येतो. म्हणजे भीतीने काय वाटतं एवढाच मुद्दा नाही, भीतीपायी काय काय बंद पडतं तोही आहे. ताई तुमच्याच पोस्टमध्ये बघा, मुलीचा डान्स गेला, तुमचं चालणं गेलं, दोघांची झोप गेली. चोराने वरून लॅपटॉप नेला आणि तुमच्याकडून हे.

तुमचा नवरा 'मला माझं काही नाही' म्हणतो ते तो बहुतेक खरंच सांगतोय. मार्क वॉर नावाच्या अमेरिकन संशोधकाने नेमकं यावरच काम केलंय, घरातल्या दुसऱ्या माणसांसाठी वाटणारी भीती. ती स्वतःबद्दलच्या भीतीपेक्षा जास्त घरांत आढळते आणि बरेचदा जास्त तीव्रही असते, नवऱ्यांना बायकोबद्दल, आईबापांना मुलांबद्दल. यात मेख अशी आहे की स्वतःची भीती माणूस स्वतः घरी बसून शांत करू शकतो, पण दुसऱ्याबद्दलची भीती शांत करायची तर त्या दुसऱ्याला घरी बसवावं लागतं.

आकडे दाखवून त्याचं मन वळवायला जाऊ नका हे आधीच सांगतो (माझं नाव आकडेमोड असूनही). अमेरिकेत १९९३ ते २०२२ मध्ये हिंसक गुन्ह्यांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं आणि त्याच काळात गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेच्या बहुतेक पाहण्यांत बहुसंख्य लोक सांगत राहिले की देशात गुन्हे वाढलेत. त्याच लोकांना तुमच्या स्वतःच्या भागात वाढलेत का विचारलं की हो म्हणणारे बरेच कमी. स्वतःच्या गल्लीत माणूस रोज फिरतो, बाकीचं जग त्याला स्क्रीनवरूनच कळतं. जॉर्ज गर्बनर या माध्यम-अभ्यासकाने १९७० च्या दशकात टीव्हीबद्दल हेच मांडलं होतं की जास्त टीव्ही बघणाऱ्यांना जग आहे त्यापेक्षा जास्त क्रूर वाटायला लागतं. तेव्हा टीव्ही रात्री बंद तरी व्हायचा, तुमचा ग्रुप काही झोपत नाही.

गच्चीवरची

काकू मी साधारण तुमच्या मुलीच्या वयाची आहे, आणि माझ्याही घरी सेम. लोकेशनवर आम्ही काय उपाय करतो ते सांगते म्हणजे काकांना कळेल की त्या निळ्या ठिपक्याला किती अर्थ आहे. फोन लायब्ररीत मैत्रिणीजवळ ठेवायचा आणि निघायचं. म्हणजे ज्या वेळी मी घरच्यांना माहीत नसलेल्या ठिकाणी असते नेमकं त्याच वेळी माझ्याजवळ फोन नसतो. सेफ्टी म्हणे.

दुसरी गोष्ट जरा सिरीयस आहे. मागे एक मुलगा कॉलेजपासून बसस्टॉपपर्यंत मागे मागे यायचा, बोलायचा नाही, नुसता थोडं अंतर ठेवून चालत यायचा, मी थांबले की तोही थांबून मोबाईलमध्ये बघायचा. बरेच दिवस चाललं होतं. मी घरी सांगितलं नाही. त्याची भीती वाटायची पण घरी कळलं तर कॉलेज सोडून बाकी सगळं बंद होईल ही भीती जास्त होती. मैत्रिणींना सांगितलं, मग आम्ही सगळ्या एकत्रच निघायला लागलो, एका मॅडमच्या कानावर घातलं, त्यांनी त्याला गाठून खडसावलं, त्यानंतर दिसला नाही. बाबांना अजून माहीत नाहीये. काकू, ज्या घरात भीती जास्त त्या घरात पोरी कमी बोलतात, हे मी एकटीचं नाही सांगत, आमच्या अख्ख्या ग्रुपचं आहे. लोकेशन बंद करायचं की चालू ठेवायचं ते नंतर ठरवा, आधी ती तुम्हाला काय काय सांगत नाही ते जरा बघा.

आणि रोखठोक काका, काळजी घेणारे तुम्ही आणि घरात बसणार बाकीचे. तब्येत बिघडली नाही हे तुम्ही घरात कोणाला विचारून लिहिलंत का?

रोखठोक

नाही विचारलं. विचारतो. पण फोन मैत्रिणीजवळ ठेवायची आयडिया अशी जाहीर लिहू नका, इथे आईवडील वाचतात.

गच्चीवरची

वाचू देत की, त्यांच्यासाठीच लिहिलीये.

पुन्हा_सुरुवात

आमच्याकडे खरोखर चोरी झालेली आहे म्हणून लिहितो. हॉल होता तसाच, एक वस्तू हललेली नाही. बेडरूममध्ये कपाट सताड उघडं आणि बायकोच्या कपड्यांचा कप्पा गादीवर उपडा केलेला. पैसे गेल्याचं नंतर सुचलं. तिने ते सगळे कपडे, धुऊन घड्या घालून ठेवलेले, परत धुतले, काही तर धुऊनही घालवेनात म्हणून टाकून दिले. त्या खोलीत तिला एकटीला झोपवायचं नाही. माझं उलट, मला भीती नाही, संताप. रात्रभर मनातल्या मनात त्या न पाहिलेल्या माणसाशी मारामारी करायचो. दोघं एकाच घरात दोन वेगळ्या गोष्टींतून जात होतो आणि एकमेकांना वाटायचं की याला/हिला काही कळतच नाहीये.

ताई, खोचक म्हणून नाही विचारत, पण वरच्या मजल्यावरचे कसे आहेत? तुमच्या धाग्यात ते फक्त उदाहरण म्हणून आलेत, म्हणून विचारलं. आमच्या चोरीनंतर शेजारी भेटले की कुठलं लॉक होतं, कसं तोडलं, कॅमेरा होता का, एवढंच. तुम्ही बरे आहात ना हे विचारणारी माणसं मोजकी. लोकांना आमच्याकडे बघून स्वतःचं दार आठवायचं.

एका बाबतीत तुमच्या नवऱ्याच्या बाजूने बोलतो. घरफोडीनंतर काही आठवडे त्याच घरात किंवा आजूबाजूला परत प्रयत्न व्हायची शक्यता खरंच वाढलेली असते, हा प्रकार बऱ्याच ठिकाणी अभ्यासात सापडलेला आहे. त्यामुळे तेव्हा त्याने लॉक बसवलं ते शंभर टक्के बरोबर. पण तो वाढीव धोका पुढे ओसरत जातो. त्याचा बंदोबस्त मात्र तेव्हापासून वाढतच चाललाय.

मनमोकळी

मी समुपदेशनाचं काम करते. न भेटलेल्या माणसाचं निदान करणार नाही, पण जे वर्णन केलंय त्यातली यंत्रणा समजून घेता येईल.

लॅच ओढून बघितलं की त्याला दोन मिनिटं बरं वाटतं. आणि रात्र सुखरूप गेली की त्याचं मन हिशोब असा मांडतं की मी उठून बघितलं म्हणून काही झालं नाही. न उठता रात्र सुखरूप गेली हा अनुभव त्याला मिळतच नाही, त्यामुळे भीती खोटी पडायची संधीच येत नाही. त्यात झोप तुटलेली. झोप तुटलेल्या माणसाला साधा आवाजही जास्त दचकवतो, छाती धडधडते, की परत ॲप. बीपीचं म्हणाल तर सततची अपुरी झोप आणि वाढलेलं बीपी यांचा संबंध डॉक्टर ओळखून आहेत, फक्त त्यांना रात्रीचं हे सगळं कोणी सांगत नाही. बीपी दाखवायला जाल तेव्हा तुम्ही सोबत जा आणि झोपेचं सांगा. मनाच्या डॉक्टरकडे चल म्हटलं तर तो नाही म्हणेल, बीपीसाठी येईल.

सगळीच भीती वाईट असते असंही नाही. लंडनमध्येच जोनाथन जॅक्सन आणि एमिली ग्रे या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवलं की गुन्ह्यांची चिंता वाटते म्हणणाऱ्यांपैकी साधारण चौथ्या हिश्श्याच्या लोकांचं त्या चिंतेने काही बिघडत नाही. ते काहीतरी खबरदारी घेतात, त्याने त्यांना सुरक्षित वाटतं, आणि आपापल्या कामाला लागतात. मी समोरच्याला हाच प्रश्न विचारते की लॉक लावल्यावर तुम्हाला बरं वाटलं का. वाटलं असेल तर छान. लॉकनंतर कॅमेरा, कॅमेऱ्यानंतर ॲप, ॲपनंतर मुलीचं लोकेशन, असं प्रत्येक उपायाने पुढचा उपाय मागितला असेल तर आता अजून उपकरणं आणून काही होणार नाही.

बोलायचं कसं, तर चोरीबद्दल बोलूच नका. काही होणार नाही याची हमी कोणीच देऊ शकत नाही आणि त्यालाही ते माहितीये, म्हणून तो त्या वाक्यावर भडकतो. तू रोज रात्री उठतोस, माझीही झोप होत नाही, मला हे झेपत नाहीये, एवढं बोला. यावर त्याला वाद घालता येणार नाही. मग एखादी छोटी गोष्ट दोघांनी मिळून ठरवा. कॅमेरा रेकॉर्डिंग करत राहू दे, रात्रीचं नोटिफिकेशन बंद. किंवा लॅच झोपण्याआधी एकदाच बघायचं, तुमच्या समोर. पहिल्या काही रात्री त्याची तगमग वाढेल हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर त्याला वाटेल उपाय फसला. सगळं एकदम बंद करायला लावू नका.

झोप अशीच महिनोन् महिने मोडलेली असेल, चिडचिड हाताबाहेर जात असेल, कामावर लक्ष लागत नसेल, दारूसारखं काही वाढलं असेल तर मात्र घरच्या घरी प्रयोग न करता मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. यावर उपचार आहेत आणि ते लागू पडतात.

आडवा_प्रश्न

सगळं वाचलं, छान चाललंय, पण सगळा भार त्या एका नवऱ्याच्या डोक्यावर टाकलाय असं नाही वाटत? आणि बायकांच्या भीतीबद्दल कोणीच बोललं नाही. पाहण्यांमध्ये जुनं कोडं आहे की रस्त्यावर मार खाण्याची शक्यता तरुण मुलग्यांना जास्त आणि भीती वाटते सगळ्यात कमी त्यांनाच. बायका आणि म्हातारी माणसं जास्त घाबरतात, म्हणून कितीतरी वर्षं त्यांना 'उगाच घाबरणारे' म्हटलं गेलं. केनेथ फेरारो या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात मांडलं की बाईला घरफोडीची भीती वाटते तेव्हा तिच्या डोक्यात फक्त लॅपटॉप नसतो, घरात शिरलेला माणूस आपल्याला काय करेल हे असतं. गच्चीवरचीच्या मागे चालणाऱ्या त्या मुलाची नोंद कुठल्या आकड्यात आहे सांगा. आणि म्हातारा माणूस एकदा ढकलला जाऊन पडला तर परत उभा राहील की नाही याची खात्री नसते, मग तो उगाच घाबरतो का? शिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात साधारण दर तीन बायकांतली एक आयुष्यात कधीतरी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसते आणि त्यातली बहुतांश जोडीदाराकडूनच. कॅमेरा दाराबाहेर तोंड करून. (ताई, हे तुमच्या नवऱ्याबद्दल अजिबात नाही, एकूणात म्हणतेय.)

दुसरं म्हणजे रस्ता. अमेरिकेत नेवार्क शहरात १९७८-७९ मध्ये पोलिसांच्या पायी गस्तीचा प्रयोग झाला होता. काही भागांत गस्त वाढवली, काही ठिकाणी बंद केली. गुन्हे काही कमी झाले नाहीत, पण गस्त असलेल्या भागातल्या लोकांना जास्त सुरक्षित वाटायला लागलं.

रोखठोक

मग ही फसवणूकच झाली ना. चोर तेवढेच आणि लोक खूश.

आडवा_प्रश्न

मला आधी तसंच वाटलं होतं, पण उलटं करून बघा. चोर तेवढेच आणि लोक घरात कोंडलेले, हे जास्त बरं का? धोका कमी करायचं काम वेगळं आणि भीती कमी करायचं वेगळं, एक केलं की दुसरं आपोआप होत नाही, दोन्ही करावी लागतात. गस्तीवरचा पोलीस ओळखीचा झाला, कोणी दंगा करत असेल तर त्याला हटकायला लागला, याचा फरक पडतोच. फक्त कोणी नुसतं बरं वाटण्यावर भागवायला लागलं, म्हणजे चार बोर्ड लावले आणि दिवे तसेच बंद, तर तिथे तुमचं बरोबर.

खिडकीपाशी

सगळ्यांचे खूप आभार, एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. पुन्हा_सुरुवात यांचा प्रश्न लागला, म्हणून वर जाऊन आले. वरच्या वहिनी बऱ्या आहेत, सुरुवातीचे दिवस फार वाईट गेले म्हणाल्या. पण मग त्यांनी जे सांगितलं त्यावर हसू की रडू कळेना. म्हणाल्या रात्री अपरात्री जिन्यात खट्क खट्क आवाज येतो, आम्ही दोघं दचकून उठतो, वाटतं परत कोणीतरी आलंय. तो आवाज आमच्या लॅचचा!

नवऱ्याला सांगितलं. बराच वेळ काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी लॅचला तेल घातलं. म्हणजे उठायचं थांबला नाही, आवाज थांबवला :) पण रात्रीचं नोटिफिकेशन बंद करायला तयार झालाय, ग्रुप म्यूट केलाय, आणि बीपी दाखवायला मी सोबत जाणार आहे. मुलीशीही बोलले. तिने जे सांगितलं ते इथे लिहीत नाही, पण गच्चीवरची, तुझं म्हणणं बरोबर होतं.

पुन्हा_सुरुवात

वर गेलात हे छान केलंत. जमलं तर नवऱ्यालाही एकदा घेऊन जा, लॉकचा विषय न काढता.

गच्चीवरची

काकू डान्स क्लासचं काय?

खिडकीपाशी

बोलणी चालू आहेत. लोकेशन फक्त येताना चालू ठेवायचं यावर दोघं राजी झाले, गाडं अंधाराच्या अटीवर अडलंय. तिची बॅच संध्याकाळची आहे. तो म्हणतो सकाळची घे. सकाळच्या बॅचला सगळ्या लहान मुली असतात, ती काही जाणार नाही, आणि खरं सांगायचं तर तिने ऐकू नये असंच मला वाटतंय.